दिसायला झक्कास, पण वाजतात कसे? वायरलेस डेस्कटॉप स्पीकर घरी असे तपासा

डेस्क सेटअपच्या रील्स तुम्ही पाहत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. मागे निळसर-जांभळा दिवा, मध्ये मॉनिटर आणि दोन्ही बाजूंना लाकडी किंवा पारदर्शक घडणीचे देखणे स्पीकर. गंमत अशी की, रीलमध्ये त्या स्पीकरचा आवाज आपण ऐकतो तो आपल्याच फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून. म्हणजे स्पीकर कसा दिसतो ते कळतं, कसा वाजतो ते कळत नाही.

दुकानातही फारसं वेगळं नसतं. तिथे गोंगाट असतो, खोली मोठी असते आणि टेबल तुमचं नसतं. त्यामुळे खरी परीक्षा घरीच होते आणि ती परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकावी लागते. त्यासाठी काय काय तपासायचं, ते पाहू.

'वायरलेस' म्हणजे वायर नाहीच, असं नाही

बहुतेक डेस्कटॉप स्पीकरमध्ये फक्त फोन किंवा लॅपटॉपपासून स्पीकरपर्यंतचा प्रवास वायरशिवाय होतो. विजेची वायर असतेच. डाव्या आणि उजव्या स्पीकरला जोडणारी वायरही अनेकदा असते.

हार्मन कार्डनचे 'साउंडस्टिक्स' हे याचं प्रसिद्ध उदाहरण. २००० साली अ‍ॅपलच्या साथीने आलेले हे पारदर्शक स्पीकर इतके गाजले की, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांना जागा मिळाली. त्यांच्या चौथ्या आवृत्तीत ब्लूटूथ आहे. तरीही दोन उभे स्पीकर वायरनेच सबवूफरला जोडावे लागतात आणि सबवूफरची वायर प्लगमध्ये जाते.

म्हणून खोका उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्लग किती लांब आहे आणि वायर तिथपर्यंत पोहोचते का, हे पाहणं.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

जाहिरातीत '३००० वॅट पीएमपीओ' असं काही लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या. पीएमपीओ मोजण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. 'आरएमएस' वॅट पाहा.

वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. डेस्कवर तुम्ही स्पीकरपासून दोन-तीन फुटांवर बसता. तिथे मोजके वॅटही पुरतात.

आधी जागा, मग निकाल

चुकीच्या जागी ठेवलेला चांगला स्पीकरही वाईट वाजतो. म्हणून मत बनवण्याआधी एवढं करा:

- दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण होऊ द्या. स्पीकर तीन फूट अंतरावर असतील तर तुम्हीही त्यांच्यापासून तीन फुटांवर बसा.
- स्पीकरची तोंडं कानाच्या दिशेने वळवा. स्पीकर बुटके असतील तर खाली काहीतरी ठेवून थोडे वर तिरके करा.
- भिंतीला, विशेषतः कोपऱ्याला चिकटवू नका. भिंतीजवळ खालचे सूर फुगतात आणि आवाज घुमतो. आधी वीतभर पुढे ओढून ऐका.
- आवाज वाढवून टेबलावर तळहात ठेवा. टेबल थरथरत असेल तर स्पीकरसोबत टेबलही 'वाजत' आहे. खाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा ठेवून पुन्हा ऐका.

काय वाजवून पाहायचं?

नवं, अनोळखी गाणं नको. जे तुम्ही शंभरदा ऐकलं आहे, तेच लावा. त्यात या चार गोष्टी शोधा:

- तबल्याचा डग्गा: त्याची घुमक स्वच्छ येते का, की नुसताच 'धब्ब' आवाज येतो? लहान स्पीकरची खरी कसोटी इथेच लागते. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळपास ७ मीटर असते. असा सूर मोठ्याने वाजवायला भरपूर हवा हलवावी लागते आणि मुठीएवढ्या स्पीकरला ते जमत नाही.
- गाणाऱ्याचा आवाज: डोळे मिटून ऐका. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर जागा किंवा बॅलन्स तपासा. फरक तरीही राहिला, तर एका स्पीकरमध्ये दोष असू शकतो.
- टाळ आणि झांजा: त्यांचा किणकिणाट कानाला टोचतो का? थोडा वेळ छान वाटणारा कर्कशपणा तासाभराने डोकं उठवतो.
- तानपुरा: चारही तारा वेगळ्या ऐकू येतात का, की सगळी एकच गुणगुण होते?

हे सगळं आधी कमी आवाजात करा. मोठ्या आवाजात जवळपास प्रत्येक स्पीकर भारी वाटतो. शिवाय रोज तुम्ही कमी आवाजातच ऐकणार आहात.

आवाज मागे पडतो का?

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकुंचित होतो, मग हवेतून जातो आणि स्पीकरमध्ये पुन्हा उलगडतो. यात अनेकदा १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत असं म्हटलं आहे की, आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं.

इथे अनेकांची फसगत होते. व्हिडिओची अ‍ॅप्स बऱ्याचदा चित्रही तेवढंच मागे ठेवतात, त्यामुळे व्हिडिओ बघताना सगळं ठीक वाटतं. खेळात, व्हिडिओ एडिटिंगमध्ये किंवा पियानोच्या अ‍ॅपवर हा उशीर लपत नाही. म्हणून फोनवर पियानोचं एखादं अ‍ॅप उघडा आणि पट्टी दाबून पाहा. बोट आणि सूर यांत अंतर जाणवलं, तर अशा कामांसाठी वायर लागणार. स्पीकरला ऑक्स किंवा यूएसबीची सोय आहे ना, हे पाहा.

मीटिंगही करून पाहा. स्पीकरमध्ये माइक असेल आणि लॅपटॉपने तोच निवडला, तर आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा होऊ शकतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला की बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो.

मधेच तुटतो का?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं वायफाय आणि मायक्रोवेव्हही त्याच गर्दीत असतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हबसुद्धा जवळ असेल तर त्रास देऊ शकते. मायक्रोवेव्ह सुरू ठेवून, फोन खिशात घालून खोलीत फिरून पाहा. लॅपटॉपवर आवाज तुटत असेल तर हब दूर सरकवून पाहा.

रात्रीची चाचणी

घर शांत झालं की स्पीकर सुरू ठेवा, पण काहीही वाजवू नका. बसल्या जागी 'स्स्स' ऐकू येतो का? वायर जोडल्यावर 'घूं' असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष बहुधा स्पीकरचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. स्पीकर काही मिनिटांनी आपोआप झोपतो का आणि पुन्हा सुरू होताना 'टक्' करतो का, हेही आताच पाहून घ्या.

कान आणि शेजारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. सबवूफरची धडधड भिंती आणि जमिनीतून खालच्या घरात पोहोचते, त्यामुळे तुम्हाला हळू वाटणारा आवाजही शेजाऱ्यांची झोप मोडू शकतो.

पसंत पडला नाही तर?

मुदत विक्रेत्यानुसार बदलते. काही ठिकाणी वस्तू फक्त बदलून मिळते, पैसे मिळत नाहीत. हे ऑर्डर देण्याआधीच वाचा. 'आवडला नाही' आणि 'सदोष आहे' यांत फरक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तरीही अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्यासाठी खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोका आणि थर्माकोल जपून ठेवा आणि दोष दिसला की त्याच दिवशी रेकॉर्ड करा. स्पीकरचा रंग डेस्कला शोभतो का, हे पाच मिनिटांत कळतं. रोज चार तास तो ऐकवेल का, हे कळायला चार-पाच दिवस लागतात. मुदतीतले ते दिवस वाया घालवू नका.