औषधपुरवठा, सार्वजनिक (महाराष्ट्र)

शासकीय आरोग्यसेवेला लागणारी औषधे, लसी व उपकरणे यांच्या मागणीचा अंदाज, खरेदी, तपासणी, साठवण, वाहतूक व वाटप यांची सलग व्यवस्था म्हणजे सार्वजनिक औषधपुरवठा. विकसनशील देशांत ही साखळी लांब असते व तिचे अखेरचे दुवे ग्रामीण भागात असतात. तिच्यातील एकाही दुव्याची उणीव रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे महाराष्ट्राच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्भवल्यावर व्हॉल्डिमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत प्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. येथून लसीच्या बाटल्या देशभर जात. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. प्रथम ठपका प्रयोगशाळेवर आला. तथापि बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा निर्जंतुक न करताच वापरला गेल्याचे निदर्शनास आले व १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. या प्रकरणी दोष साखळीच्या अखेरच्या टोकाशी होता.

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दोष खरेदीच्या टोकाशी घडला. डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी व औषधनियंत्रण यांतील गंभीर दोष उघड केले.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाल्यावर शीतसाखळीचे महत्त्व वाढले. बहुतेक लसी २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात. पोलिओची तोंडी लस उष्णतेने निकामी होते, तर धनुर्वाताची लस गोठल्याने बिघडते. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यात उन्हाळी तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा ठिकाणी जिल्हा भांडारातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे व तेथून बर्फाच्या पेटीतून उपकेंद्राकडे होणारा लसीचा प्रवास विशेष दक्षतेचा ठरतो. वीज खंडित होणे वा वाहन अडकणे एवढेही कारण लस निरुपयोगी होण्यास पुरेसे असते. बाटलीवरील रंग बदलणाऱ्या खुणेमुळे उष्णतेने झालेला बिघाड ओळखता येतो. गोठल्यामुळे झालेला बिघाड मात्र तिच्यावरून कळत नाही.

तमिळनाडूने १९९४ मध्ये खरेदी व वितरण यांसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटली व २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. केंद्रीय खरेदीने दरांवर व दर्जावर नियंत्रण ठेवणे सुकर होते; परंतु मागणीचा अंदाज चुकल्यास वा निर्णय लांबल्यास तुटवडा एकाच वेळी राज्यभर जाणवतो. त्यामुळे या व्यवस्थेची खरी कसोटी उपकेंद्रात आलेल्या रुग्णाला योग्य औषध वेळेवर मिळते की नाही, हीच होय.