भुईआवळी यकृताला वाचवते का?
पावसाळ्यात बांधावर, परसात उगवणारी भुईआवळी, कन्नडमधली नेलनेल्ली, काविळीवर घरोघरी दिली जाते. तिची परीक्षा प्रयोगशाळेतही झाली आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन शरीरात गेलं की यकृतातच त्यापासून फ्री रॅडिकल तयार होतात आणि पेशींचं आवरण खराब करतात. किरणोत्सर्गानं पेशीतलं पाणी फुटलं तरी असेच कण निर्माण होतात. भुईआवळीतले अँटिऑक्सिडंट या कणांना आवरतात. उंदरांवरच्या प्रयोगांत यकृताची हानी त्यामुळे कमी झाली.

माणसांचं मात्र वेगळं. १९८८ मध्ये तेव्हाच्या मद्रासमधल्या अभ्यासानं हिपॅटायटिस बी रुग्णांना आशा दाखवली, पण पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. म्हणून डोळे पिवळे दिसले, तर आधी रक्ततपासणी आणि डॉक्टर. पाल्याच्या भरवशावर दिवस घालवू नयेत.