पॅटिसची वाटणी

दिवाळीच्या फराळाने जीभ गोडावली, की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी कोंबडीची पॅटिस करण्याचा परिपाठ आहे. गेल्या वर्षी मी बटाटा मळत असताना नातीने विचारले, “आजी, ही पॅटिस आपली की इंग्रजांची?” मी “आपलीच” म्हणून मोकळी झाले, पण मन त्या प्रश्नाभोवती घुटमळत राहिले.

नावच पाहा. फ्रेंचांच्या ‘पाते’वरून इंग्रजांची ‘पॅटी’ झाली. मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला तो एक लहानसा जिन्नस. त्याचे अनेकवचन ‘पॅटीज’. आपण ते अनेकवचनच उचलले आणि खुशाल एकवचन करून टाकले! बेकरीतल्या पॅटिसने मैद्याचा अंगरखा कायम ठेवला. पण घरात भट्टी कुठली? तिथे शेगडी आणि तवा. म्हणूनच की काय, घरच्या पॅटिसने बटाट्याचा अंगरखा चढवला.

हा बटाटा तरी कुठला? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, १५१० साली त्यांनी गोवे घेतले. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ ही दोन्ही नावे आपल्याला त्यांच्याकडून मिळाली. मिरचीही अमेरिकेचीच. ती येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांचे तिखट मिरी, पिंपळी आणि आले यांवर भागत असे. कोंबडी मात्र आपल्या बाजूची. भारतात आणि आग्नेय आशियात आजही आढळणारा तांबडा रानकोंबडा हा तिचा मूळ पुरुष. गंमत अशी, की या सगळ्यांत घरची म्हणावी ती कोंबडीच, आणि आमच्या स्वयंपाकघरात मज्जाव होता तोही तिलाच!

गिरगावातल्या चाळीत आम्ही अकरा माणसे राहत होतो. मासळी रोज चाले. पण कोंबडी शिजायची ती बाहेर गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. गावठी कोंबडी महाग, म्हणून तीही वर्षातून एकदा किंवा दोनदा. एक कोंबडी आणि अकरा तोंडे! एक तंगडी आजोबांची, दुसरी आलेल्या जावयाची. मग काका, बाबा, मुलगे. आई आणि काकू मागाहून बसत. त्यांच्या वाट्याला रस्सा आणि फार तर मान. आई म्हणायची, “मला बाई रस्साच आवडतो.” आम्हाला ते खरे वाटे.

१९५८ च्या दिवाळीत काकूने शेजारच्या गोवेकर बाईंकडून पॅटिस शिकून घेतली. आले, लसूण, हळद आणि मीठ लावून तिने कोंबडी शिजवली आणि हाडांवरचे मांस सोडवून बारीक केले. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि गरम मसाला घालून ते कोरडे होईपर्यंत परतले. सारण ओले राहिले तर पॅटिस तव्यावर फुटते. उकडलेले बटाटे पुरते निवल्यावर मळून त्यांच्या वाट्या केल्या, सारण भरून तोंडे मिटली, आणि फेटलेल्या अंड्यात व टोस्टाच्या चुऱ्यात घोळवून तव्यावर खरपूस तळली. एका कोंबडीची बावीस पॅटिस झाली. माणशी दोन.

आजोबांनी ताटाकडे पाहिले आणि विचारले, “तंगडी कुठे आहे?”

काकू दाराआडून म्हणाली, “सगळ्यांच्या पॅटिसांत आहे, मामंजी.”

पंगतीत कोणी बोलेना. आजोबा क्षणभर थांबले, मग त्यांनी दुसरे पॅटिस उचलले. मागाहून आई जेवायला बसली. आपली दोन पॅटिस तिने सावकाश, कण न् कण वेचून खाल्ली. रस्सा आवडणाऱ्या माझ्या आईला त्या दिवशी रश्श्याची आठवणही झाली नाही.

पुढे काळ बदलला. १९७१ साली पुण्यात बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली. पाच-सहा आठवड्यांत वजन धरणारी ब्रॉयलर कोंबडी हळूहळू सर्वत्र मिळू लागली. गॅलरीतली शेगडी केव्हाच गेली. आता कोंबडी आठवड्याला येते आणि ज्याला हवी त्याला तंगडी मिळते. बटाट्याने कोंबडी पुरवायची गरज उरलेली नाही.

तरीही मी पॅटिस मोजूनच करते. परवा ताटे मांडताना नातीनेही ती मोजली. माणसे सात, पॅटिस चौदा. “आजी, तू नेहमी दोन-दोनच का करतेस?” तिने विचारले. तेव्हा मी तिला काकूची गोष्ट सांगितली आणि म्हटले, “बटाटा अमेरिकेचा, नाव इंग्रजांचे, पण ही वाटणी आपल्या घरची.”