रौलेटच्या आधीचे रौलेट: विनाचौकशी बंदिवासाचा आपला इतिहास

शाळेच्या पुस्तकात इंग्रजांच्या दडपशाहीचा धडा बहुधा १९१९ सालापासून सुरू होतो. रौलेट कायदा आला, 'ना वकील, ना अपील, ना दलील' ही घोषणा झाली, देशभर हरताळ पडला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. हे सगळे खरे आहे आणि ते विसरण्याचे काहीच कारण नाही. परंतु एवढेच वाचून आपल्या तरुणांचा असा समज होतो की, खटला न चालवता माणसाला डांबणे ही इंग्रजांची संकटकाळातली गोष्ट होती. युद्ध किंवा बंड आले की कायदा पेटीतून बाहेर यायचा, संकट टळले की परत पेटीत जायचा.

हा समज अर्धाच खरा आहे, असे आमचे म्हणणे आहे. इंग्रजी राजवटीत विनाचौकशी बंदिवासाची दोन खाती होती. एक खाते राजकीय पुढाऱ्यांचे. त्यात संकटाचे कारण द्यावे लागे, मुदत घालावी लागे, आणि ओरड झाली की सोडावेही लागे. दुसरे खाते जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे. त्यात युद्ध लागत नव्हते, मुदत नव्हती आणि ओरड करणारे वर्तमानपत्रही नव्हते. पहिले खाते आपल्याला पाठ आहे. दुसरे खाते आपल्याच माणसांचे असूनही आपल्याला माहीत नाही.

राजबंदी आणि त्यांचा दर्जा

पहिल्या खात्याची सुरुवात कंपनी सरकारच्या काळात झाली. बंगालचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन हा त्याचा पाया. या रेग्युलेशनने गव्हर्नर जनरलला 'राज्याच्या कारणासाठी' कोणालाही अटकेत ठेवण्याचा अधिकार दिला. आरोपपत्र नको, साक्षीपुरावा नको, कोर्ट नको, वॉरंट पुरे. मद्रास इलाख्यात १८१९ साली आणि मुंबई इलाख्यात १८२७ साली असेच रेग्युलेशन झाले. मुंबईचे ते पंचविसावे रेग्युलेशन.

हे कागद धूळ खात पडले नव्हते. १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाला तेव्हा सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. तो खटला हायकोर्टात चालला, ज्युरी बसली, वकील उभे राहिले, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वेळी पुण्याचे सरदार नातू बंधू यांना मात्र १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. त्यांच्यावर कोणताही खटला भरला नाही. ते १८९९ मध्ये सुटले. पुढे १९०७ साली लाला लजपतराय आणि अजित सिंग यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली मंडालेला पाठवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सोडले.

आता एका गोष्टीकडे नीट बघा. १८१८ च्या रेग्युलेशनमध्ये कैद्याच्या प्रकृतीची, वागणुकीची आणि सोयीची विचारपूस करून ठराविक काळाने सरकारला कळवण्याची तरतूद होती. त्याला मिळणारा भत्ता त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या गरजांना, त्यांच्या दर्जानुसार, पुरतो की नाही हेही पाहायचे होते. कायदा जुलमीच होता. पण त्या जुलमातही माणसाची पायरी सांभाळली जात होती. विनाचौकशी तुरुंगातसुद्धा सरदार हा सरदारच राहत होता.

जन्म हाच पुरावा

दुसरे खाते १८७१ साली उघडले. त्या वर्षीचा सत्ताविसावा कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करण्याच्या सवयीचा आहे असे सरकारला वाटले की अधिसूचना काढायची. अधिसूचना निघाली की ती जमात गुन्हेगार. त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, हे कायद्यातच लिहून ठेवले होते.

या कायद्याच्या बाजूने तेव्हा जो युक्तिवाद झाला तो आपण लक्षात ठेवला पाहिजे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार! हे तर्कशास्त्र इंग्रज विलायतेतून घेऊन आले नव्हते. धंदा जन्माने ठरतो, गुण जन्माने ठरतात, शुद्धता जन्माने ठरते, हे इथल्या जातिव्यवस्थेने त्यांना आयते दिले. इंग्रजांनी त्याला फक्त पोलीस ठाणे आणि रजिस्टर जोडले. मनुस्मृतीने जे काम धर्माच्या नावाने केले तेच काम या कायद्याने सुव्यवस्थेच्या नावाने केले.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, नंतर बंगालमध्ये, आणि १९११ च्या नव्या कायद्याने संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातही. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती रजिस्टरात गेल्या. बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, दुसऱ्या गावाला जायचे तर पास काढायचा. सातारा भागातील मांग समाजाच्या वाट्याला आलेली हजेरी अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा'त आणली. ती कल्पनेतून आलेली नव्हती.

यापुढची पायरी सेटलमेंटची. सोलापूर, हुबळी, विजापूर येथे अशा वसाहती होत्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे गिरणीत राबायची आणि काम संपले की तारेच्या कुंपणात परत यायची. सुधारणा हे नाव, आणि हाताशी स्वस्त मजूर. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. साल पुन्हा वाचा. ज्या १८९७ साली नातू बंधूंच्या अटकेवर चर्चा चालू होती त्याच वर्षीची ही दुरुस्ती. राजबंद्याच्या कुटुंबाला दर्जानुसार भत्ता, आणि पारध्याचे चार वर्षांचे पोर सरकारच्या ताब्यात. दोन्ही बंदिवास विनाचौकशीच होते. फरक होता तो माणसाच्या किमतीचा, आणि ती किंमत जातीने ठरवली होती.

शिक्षेतही हेच. नोंदणी झालेला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता असे परिस्थितीवरून कोर्टाला वाटले, तरी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. चोरी झालेली असण्याची गरज नव्हती. तिथे असणे पुरेसे होते.

१९२२ आणि १९२४

आता रौलेटकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धात १९१५ चा भारत संरक्षण कायदा झाला. त्याची मुदत युद्ध चालेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने एवढी होती. याच कायद्याच्या नियमांखाली १९१७ साली ॲनी बेझंट यांना स्थानबद्ध केले. देशभर निषेध झाला आणि तीन महिन्यांत त्यांना सोडावे लागले. युद्ध संपल्यावरही हे अधिकार हातात राहावेत म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलेट कायदा आणला गेला. त्यालाही तीन वर्षांची मर्यादा घातली होती. कायदेमंडळातील निवडून आलेल्या हिंदी सभासदांनी त्याला विरोध केला. जिना, मालवीय, मजहरुल हक यांनी राजीनामे दिले. अखेर १९२२ साली तो कायदा रद्द झाला.

आणि दोनच वर्षांनी, १९२४ साली, गुन्हेगार जमाती कायदा नव्याने एकत्र करून पुन्हा मंजूर झाला. तोपर्यंत मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत होते, हेही ध्यानात घ्या. रौलेटला मुदत होती, याला नव्हती. रौलेट तीन वर्षांत गेला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत, म्हणजे १८७१ पासून ८१ वर्षे टिकला. स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षे या जमातींची हजेरी देशातून पूर्णपणे गेली नव्हती. १५ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट या दोन तारखांमधले अंतर दिवसांनी मोजता येत नाही.

आमचा आक्षेप रौलेटविरोधी लढ्यावर नाही. माणसे तेव्हा रस्त्यावर उतरली, मेली, ते योग्यच कारण होते. आमचा प्रश्न असा आहे की, 'ना वकील, ना अपील, ना दलील' हे वर्णन ज्यांना १९१९ च्या आधी अठ्ठेचाळीस वर्षे लागू होते, त्यांच्यासाठी हरताळ का नाही झाला? उत्तर सोपे आहे. स्वातंत्र्य गमावल्याची बातमी व्हायला आधी ते तुमच्याकडे होते हे समाजाने मान्य केलेले असावे लागते.

बाबासाहेबांना ही व्यवस्था जवळून माहीत होती. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे अधिकारी होते, आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य आणि आदिवासी यांच्याबरोबर सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमातींची गणना केली आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार म्हटले, त्यांना बाबासाहेबांनी पीडित म्हटले. दृष्टी बदलली की आरोपी बदलतो.

तळपदे खटला आणि एक आठवडा

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडले. १९३९ चा भारत संरक्षण कायदा आणि त्याचा नियम २६. कायद्यात म्हटले होते की वाजवी संशय असलेल्या माणसाला स्थानबद्ध करण्याचे नियम करता येतील. नियमात मात्र सरकारचे 'समाधान झाले' एवढेच पुरेसे ठरवले. संशयाला काहीतरी आधार लागतो, समाधानाला काहीच लागत नाही. मुंबईहून गेलेल्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये नेमका हाच मुद्दा धरला आणि नियम २६ कायद्याच्या बाहेर गेलेला म्हणून अवैध ठरवला. छोडो भारत चळवळीतील हजारो माणसे तेव्हा याच नियमाखाली तुरुंगात होती.

मग काय झाले? एका आठवड्याच्या आत व्हाईसरॉयने वटहुकूम काढला, मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलला आणि अवैध अटका वैध करून टाकल्या. कोर्ट जिंकले आणि कैदी आतच राहिले. ज्या देशात कायद्याच्या वर संविधान नसते, तिथे न्यायालयाचा निकाल एका सहीने पुसता येतो.

कलम २२ आणि आपली जबाबदारी

ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून १५ सप्टेंबर १९४९ चा दिवस बघा. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही अमेरिकी धर्तीची हमी गळली होती आणि त्यावर नाराजी होती. तेव्हा बाबासाहेबांनी कलम १५-अ मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभे करा. प्रतिबंधक स्थानबद्धतेत तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्या, कारणे कळवा, कैद्याला आपले म्हणणे मांडू द्या. आधी जे सुटले त्याची ही भरपाई आहे, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच सांगितले.

विरोधक विचारतात, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विनाचौकशी स्थानबद्धता आलीच कशी? आणि बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री नव्हते का? हे प्रश्न टाळून चालणार नाही. होय, ते त्या मंडळात होते. होय, देशाच्या परिस्थितीत असा अधिकार काही प्रसंगी लागेल, असे त्यांनी संविधान सभेत मान्य केले. तुरुंग भोगलेले महावीर त्यागी तिथेच म्हणाले की मसुदा समितीच्या सभासदांना स्थानबद्धतेचा अनुभव असता तर बरे झाले असते. ही टीका वजनाची आहे. भक्ती नको हे शिकवणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत, त्यामुळे ती ऐकून घेणे आपले कामच आहे.

पण टीका तपासूनही घ्यावी लागते. फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. त्याच्या कलम १४ ने स्थानबद्धतेची कारणे कोर्टासमोरही उघड करण्यास बंदी घातली. ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाकी कायदा राखला, गोपालन यांना दिलासा मिळाला नाही, पण कलम १४ रद्द केले. १९४३ आणि १९५० मधला फरक इथे आहे. या वेळी कोणी वटहुकूम काढून ते कलम परत आणू शकत नव्हते, कारण आडवे संविधान होते. बाबासाहेबांनी पिंजरा मोडला असा दावा आम्ही करत नाही. त्यांनी पिंजऱ्याची किल्ली एकट्या सरकारच्या खिशात राहू दिली नाही.

उरलेले काम आपले आहे. गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्यात तो १९५९ साली झाला. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर येते. मोर्चाच्या आदल्या रात्री आपल्या कार्यकर्त्याला नोटीस येते, तेव्हा त्याने काय केले यापेक्षा तो कोण आहे हेच आधी पाहिले जाते.

म्हणून प्रत्येक वस्तीत निदान दोन तरुणांना कलम २२ तोंडपाठ असले पाहिजे. अटक झाली की कारण लेखी मागा, वेळ लिहून ठेवा, वकिलाला फोन करा, चोवीस तास मोजा. आणि ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन, हा फक्त भटक्या-विमुक्तांचा कार्यक्रम समजू नका. आपल्या विहारात तो साजरा झाला पाहिजे. ज्या दिवशी पारध्याच्या अटकेसाठी बौद्ध वस्ती पोलीस ठाण्यावर जाईल, त्या दिवशी ते दुसरे खाते बंद होऊ लागेल.

जय भीम! जय संविधान!