टिळकनगर, फैजपूर (1936) : नेपथ्यरचना

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या पन्नासाव्या अधिवेशनासाठी फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव, तेव्हाचा पूर्व खानदेश) येथे उभारलेल्या तात्पुरत्या नगराची सजावट. ती शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख, चित्रकार नंदलाल बोस (1882–1966) यांनी केली. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील हे अधिवेशन 27 व 28 डिसेंबर 1936 रोजी भरले.

तोवर काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत. ती खेड्यात न्यावीत, हा गांधीजींचा आग्रह. खानदेशातले कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी यांनी फैजपूरची जबाबदारी उचलली. त्याच वर्षी लखनौ अधिवेशनातले कलाप्रदर्शन नंदलालांनी मांडले होते, म्हणून गांधीजींनी त्यांनाच बोलावले. आपण चित्रकार, वास्तुकार नव्हे, असे म्हणत नंदलालांनी आढेवेढे घेतले. गांधीजींनी ते ऐकले नाही. अट एकच : सामान गावात मिळेल तेच, कारागीरही गावचेच.

त्या काळी मराठी माणसाला नेपथ्य म्हटले की संगीत नाटकाचे रंगवलेले पडदे आठवत. राजवाडा, उपवन, अरण्य सारे कापडावर. युरोपीय रंगभूमीची ही रीत पारशी कंपन्यांकडून मराठी कंपन्यांनी उचलली आणि कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी तिच्यात नाव कमावले. गंधर्व नाटक मंडळीने 1920 साली ‘संगीत द्रौपदी’च्या देखाव्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला.

फैजपुरात याच्या उलट घडले. कापडावर दुसरे जग रंगवण्याऐवजी नंदलालांनी बांबू, गवत आणि चटया उघड्याच ठेवल्या. खिळा मारला की बांबू उभा चिरतो. म्हणून सांधे दोराने आवळायचे. दोराचे वेढे आणि बांबूची पेरे झाकायची नाहीत, नक्षी म्हणून मिरवायची, ही त्यामागची दृष्टी. प्रवेशद्वार बांबूचेच होते.

अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी सजवलेला रथ सहा बैलजोड्यांनी ओढला. नाटकातला रथ विंगेतून विंगेत जातो. हा प्रेक्षकांमधूनच गेला. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाच्या भाषणात गांधीजींनी नंदलालांच्या कामाचा जाहीर गौरव केला.



पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनाची सजावटही नंदलालांकडेच आली. तिथे त्यांनी ग्रामजीवनावरची चित्रफलकमाला केली. तिच्यातील बरेच फलक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.