धुळ्याला आलेले इंजिन परत कसे फिरे?

जळगाव आणि धुळे ही खानदेशातली दोन मोठी शहरे. दोन्हीकडे रेल्वे आहे, पण त्यांच्या स्थानकांचा नकाशा काढला तर ती एका जातीची नाहीत हे लगेच दिसते. जळगावला रूळ एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. धुळ्याला ते येऊन संपतात. हा फरक कसा पडला आणि त्याने स्थानकाची रचना कशी बदलते, हे आपण पाहू या. मुंबईच्या मेट्रोची स्थानके तशी का आहेत, याचेही उत्तर त्यातच सापडेल.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला मुंबईहून नागपूर आणि जबलपूर गाठायचे होते. तिचे रूळ 1861 साली चाळीसगावला आणि 1863 साली भुसावळला पोचले. जळगाव या वाटेवरच होते. धुळे हे त्या वेळी खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे, शिवाय मुंबई–आग्रा रस्त्यावरचे. पण लोहमार्गाच्या मानाने ते उत्तरेला बाजूला पडले. चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला तो 1900 साली. त्याच सुमारास सुरतेहून अमळनेरमार्गे आलेला मार्ग जळगावला मिळाला आणि जळगाव जंक्शन झाले. 1906 साली जिल्ह्याची विभागणी झाली, तेव्हा पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशचे धुळे ठरले.

आता रचनेकडे वळू. जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला थांबायचे आणि तसेच पुढे निघायचे, एवढेच काम असते. धुळ्याला मात्र गाडी ज्या तोंडाने आली त्याच्या उलट दिशेने निघते. इंजिन आता शेवटच्या टोकाला अडकलेले असते. ते दुसऱ्या टोकाला न्यायचे कसे?

त्यासाठी तीन हालचाली लागतात. पहिली, इंजिन डब्यांपासून सोडवून सांध्याच्या पलीकडे पुढे न्यायचे. दुसरी, सांधा बदलून शेजारच्या रिकाम्या रुळावरून डब्यांना ओलांडत मागे आणायचे. तिसरी, दुसरा सांधा बदलून ते डब्यांच्या मोकळ्या टोकाशी आणून जोडायचे. म्हणजे अशा स्थानकाला गाडीपेक्षा लांब असा एक समांतर रूळ, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे आणि शेवटी इंजिन मावेल एवढी जागा हवी. वाफेच्या इंजिनाची आणखी एक अडचण असे. ते उलटे चालते, पण चालकाला पुढचे नीट दिसत नाही. म्हणून मोठ्या ठिकाणी इंजिन फिरवायला टर्नटेबल ठेवत.

एक साधे गणित करू. समजा या सगळ्याला 15 मिनिटे लागली आणि तेवढा वेळ फलाट अडला, तर एका फलाटावरून तासाला फार तर 4 गाड्या सुटतील. दिवसातून मोजक्याच गाड्या असलेल्या फाट्यावर हे चालून जाते. दर चार-पाच मिनिटांनी गाडी सोडायची असेल तर मुळीच चालणार नाही.

हा पेच 1897 साली फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने शिकागोच्या उन्नत रेल्वेवर सोडवला. त्याने वेगवेगळ्या डब्यांखाली विजेच्या मोटारी बसवल्या आणि त्या सर्व एकाच ठिकाणाहून चालवण्याची सोय केली. दोन्ही टोकांना चालकाची खोली ठेवली की इंजिन फिरवायचे कारणच उरत नाही. चालकच दुसऱ्या टोकाला जातो. आपल्याकडे अशी गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर प्रथम धावली. धुळे–चाळीसगाव मार्गावरही आता मेमू गाडी धावते. तीही याच तत्त्वावरची.

मेट्रोला हे तत्त्व मिळाल्यामुळे तिच्या स्थानकात रुळांचा पसारा लागत नाही. मधल्या स्थानकात साधारणपणे दोन रूळ पुरतात. प्रश्न उरतो तो फलाटांचा. वर्सोवा–घाटकोपर मार्ग 2014 साली सुरू झाला. तो पुलावरून जातो. पुलावर दोन्ही रूळ शेजारी शेजारी ठेवणे सोयीचे, म्हणून तिथे फलाट बाहेरच्या दोन्ही बाजूंना येतात. याउलट कुलाबा–सीप्झ हा मार्ग भुयारी आहे. त्याचा पहिला टप्पा 2024 साली सुरू झाला. दोन भुयारे एकमेकांपासून अंतर राखून खणावी लागतात. मधली जागा आयतीच मिळते, आणि बहुतेक ठिकाणी तिथे दोन्ही रुळांना मिळून एकच मधला फलाट येतो. असा मधला फलाट जळगावच्या प्रवाशांना नवा नाही. पादचारी पुलावरून जिथे उतरावे लागते, तो त्याच जातीचा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून जवळच्या स्थानकाचा नकाशा काढून घ्यावा. पादचारी पुलावरून रूळ, सांधे आणि फलाट नीट दिसतात. मग एक प्रश्न विचारावा. मनमाड–धुळे–इंदूर या नव्या लोहमार्गाला केंद्र सरकारने 2024 साली मंजुरी दिली आहे. टोकाच्या स्थानकापुढे बहुधा वस्ती उभी असते. ती उठवून रूळ पुढे न्यावेत, की शहराबाहेरून वळवून नवे स्थानक बांधावे? पहिल्यात घरे जातात, दुसऱ्यात स्थानक गावापासून लांब पडते. मुलांना दोन्ही बाजूंनी वाद घालू द्यावा. स्थानक कुठे असावे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही, हे त्यांना आपोआप उमगेल.