असंखेय्य : मोजता येणारे 'अगणित'

कर्जत-खालापूर म्हणजे कोकणपट्टी व देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांचा पायथा. येथील कोंडाणे लेण्याच्या ब्राह्मी लेखात कण्हाचा अंतेवासी बलक याचे कर्तृत्व कोरलेले आहे. व्यापारी मार्गांवर वाढलेल्या धम्माला मोजणी परकी नव्हती.

कच्चायनाच्या पालि व्याकरणपरंपरेतील गणनाक्रम याची साक्ष देतो. कोटि म्हणजे १ वर ७ शून्ये. पुढील प्रत्येक पायरी मागील पायरीच्या कोटिपट. पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत असे चढत विसाव्या पायरीवर 'असंखेय्य' येते : १ वर १४० शून्ये. दहावी पायरी 'अहह'. तिचा वर्ग म्हणजेच असंखेय्य. २ व ५ यांखेरीज तिला अन्य मूळ अवयव नाही आणि तिचे विभाजक नेमके १९,८८१ आहेत.

बोधिसत्त्वाच्या पारमितांचा काळ चार असंखेय्य व एक लाख कल्प सांगितला जातो. तेथे हा शब्द याच किंमतीने घ्यावा काय, हा प्रश्न निराळा. परंतु ज्या परंपरेने 'अगणित' या शब्दालाही गणनेत बसविले, तिच्या अनुयायाने प्रचंड आकड्यापुढे दिपून जाण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्ध मनुष्य म्हणूनच उभा केला. आकड्यांचा धाक घालून अलौकिकत्व पटवू पाहणाऱ्यांना उपासकाने एवढेच सांगावे : मोजून पाहू या.